सांधेवाल्याचा नकाशा

आगगाडीचा खेळ म्हटला की सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे जाते. दुकानदारही इंजिनच पुढे करतो आणि रूळ खोक्याच्या तळाशी पडून राहतात. गेले वर्षभर मी ज्या नादात आहे, त्या अनुभवावरून सांगतो, इंजिन पैसे मोजले की मिळते. रूळ कुठून कुठे न्यायचे हे मात्र ज्याचे त्यालाच बसून ठरवावे लागते. शाळेचे वेळापत्रक बसवताना मुख्याध्यापकाची जी गत होते, तीच इथेही. तास तेवढेच, शिक्षक तेवढेच, आणि दोन विषय नेमके एकाच ठिकाणी येऊन अडतात.

रुळांचे खोके पुण्याहून आले. तिथे आमचे चिरंजीव नोकरीला आहेत. कर्वे रोडच्या बाजूला जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. तिथे तो मला एकदा घेऊन गेला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने काय ते ओळखले असावे. पुढे घर बदलणाऱ्या एका गृहस्थाकडून त्याने हॉर्नबी या इंग्रजी कंपनीचे जुने रूळ मिळवले. सरळ तुकडे १६८ मिलिमीटरचे, काही त्याच्या जवळजवळ दुप्पट, ३३५ चे. वळणाचे तुकडे वेगवेगळ्या त्रिज्यांचे: ३७१, ४३८, ५०५. शिवाय पाच सांधे, दोन डावे आणि तीन उजवे.

गणिताच्या माणसाला या आकड्यांत गंमत दिसल्याशिवाय राहत नाही. त्रिज्या प्रत्येक वेळी ६७ ने वाढते. म्हणजे दोन वळणे एकात एक मांडली की त्यांच्यात सगळीकडे ६७ मिलिमीटर अंतर राहते. आता सांधा घ्या. तो ४३८ त्रिज्येने २२.५ अंश वळतो. त्यातून फुटलेल्या रुळाला तेवढेच उलटे वळण जोडले की तो पुन्हा मुख्य रुळाला समांतर होतो. किती अंतरावर? २२.५ अंशांचे कोसाइन ०.९२३९. एकातून वजा करून ४३८ ने गुणा, दुप्पट करा. उत्तर ६६.७. पुन्हा ६७! दहावीच्या मुलांना मी हे उदाहरण फळ्यावर घातले, खिशातून सांधा काढून टेबलावर ठेवला आणि पट्टीने मोजायला लावले. त्या दिवशी मधली सुट्टी झाल्यावरही चार मुले टेबलापाशी उभी होती. आमच्यासारख्या पट घटत चाललेल्या मराठी शाळेत ही चार मुलेसुद्धा थोडी नव्हेत.

पण माझे काम निराळेच होते. मला कुठलेतरी स्थानक नको होते, अप्पांचे हवे होते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, लोंढ्याच्या अलीकडच्या एका लहान स्थानकावर सांधेवाले होते. सांधेवाला हा माझा शब्द. ते ‘पाईंटमन’ म्हणतात. आमच्या भागात रुळाला मराठीत रूळ, कन्नडात हळी. पण रेल्वेत नोकरी करणारा घरी काहीही बोलत असला तरी स्थानकात पाईंट, लूप, शंटिंग, लाइन क्लिअर हीच त्याची भाषा. नव्वदच्या दशकात आमची मीटरगेज उखडली आणि ब्रॉडगेज आली. अप्पा १९९८ ला निवृत्त झाले, आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. दोन वर्षांपासून त्यांची स्मरणशक्ती साथ देत नाही. सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नाही. मला अधूनमधून काकांच्या नावाने हाक मारतात. काका जाऊन वीस वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी बोलत राहा. आता जुन्या गोष्टी म्हणजे त्यांच्या बाबतीत रूळच की.

पहिली अडचण मापाची. हे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे. या रुळांवर जगभर साधारण दोन प्रमाणांत गाड्या करतात: एकास सत्त्याऐंशी आणि इंग्रजांचे एकास शहात्तर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ती यांपैकी कुठल्याच प्रमाणात इथे नीट बसत नाही. मात्र मीटरगेज म्हणजे १००० मिलिमीटर. भागाकार केला, उत्तर आले साठ आणि वर थोडे. म्हणून आम्ही एकास साठ प्रमाण धरले. त्या प्रमाणात बाजारात डबे मिळत नाहीत, ते पुठ्ठ्याचे करायचे. पण ६७ मिलिमीटरला साठने गुणा: चार मीटर. मी अप्पांना विचारले, “मेन आणि लूप यांच्यात अंतर किती असायचं?” ते अंगणात उठून उभे राहिले आणि पाच पावले टाकली. मी टेप धरला. चार मीटरांना चार बोटे कमी.

मग गोल फिरवायचे की नाही, यावर वाद. चिरंजिवांनी संगणकावर आठ बाय चारच्या फळीत बसणारा लंबगोल काढून आणला होता. छापील, रंगीत, एकेक तुकड्याचा क्रमांक घातलेला. मला खाकी कागद आणि पेन्सिल बरी वाटते. बाजूला शंभर मिलिमीटर समास सोडला (गाडी कडेवरून खाली पडली तर फरशी आहे) आणि ५०५ त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे दोन टोकांना घातली, की मध्ये सरळ रुळाला सव्वा मीटर उरतो. १६८ चे सात तुकडे बसतात. अप्पांनी कागदाभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “ही गाडी कुठं जात नाही, होय रे?”

प्रश्न रास्त होता. स्थानकात आलेली गाडी कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते. इथे ती आपल्याच शेपटीमागे धावणार. यावर जाणत्यांनी पूर्वीच तोडगा काढला आहे. लंबगोलाच्या मधून लांबीला एक उभी फळी लावायची. पुढच्या अर्ध्यात स्थानक, मागचा अर्धा झाकलेला. गाडी फळीआड जाते, तिथे हवी तितकी थांबवता येते, आणि आपल्याला वाटेल तेव्हा दुसऱ्या बाजूने बाहेर येते. मागचे रूळ म्हणजे एका टोकाला बेळगाव आणि दुसऱ्या टोकाला लोंढा. सौभाग्यवतींनी फळीला रंग देण्याचे कबूल केले, तेही ती पावसाआधी दिवाणखान्यातून हलेल या अटीवर.

मुलाला दूधसागराचा घाट हवा होता. हौस सगळ्यांनाच असते. पण चढ चाळिसास एक धरला, तर एका रुळावरून दुसरा नऊ सेंटिमीटर उंच नेण्यासाठी ३६० सेंटिमीटर लांबी लागते, उतरायला तेवढीच. ७२० झाले. आमचा सगळा फेरा मिळून साडेपाच मीटर, त्यात स्थानक सपाट हवे. घाट गेला. मग त्याला टोकाशी फास हवा होता, ज्यातून गाडी फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने परत येते. दोन रुळांतून वीज खेळवणाऱ्या या पद्धतीत तसे केले की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होते. तुकडे तोडून, वेगळा स्विच बसवून ते टाळता येते. मी म्हटले, आमच्या स्थानकात तो नव्हताच, मग कशाला?

खरी कसरत लूपात झाली. सातांतला एक तुकडा प्रत्येक टोकाच्या सांध्याला जातो, एक प्रत्येक उलट्या वळणाला. चार गेले. उरले तीन, म्हणजे अर्धा मीटर. मालडबा साडेसहा मीटरांचा धरला तर आमच्या मापाने अकरा सेंटिमीटर. लूपात चार डबे. खरा लूप सहाशे मीटरांचा धरला, तर साठाव्या प्रमाणात तो दहा मीटर होईल, म्हणजे आमच्या ओसरीपासून परसातल्या फणसापर्यंत. तेव्हा काय ठेवायचे याइतकेच काय गाळायचे हेही ठरवावे लागते. पाण्याची टाकी ठेवली, क्वार्टर्सची ओळ गाळून एकच खोली ठेवली. त्या खोलीत माझा जन्म झाला, पण लांबीला जागाच नव्हती.

शेवटी माल सायडिंगचा सांधा राहिला. लूपातून ते आत फुटायचे. पण तोंड कुणीकडे? हे दिसायला किरकोळ, पण सगळे शंटिंग त्यावर ठरते. सांधा गाडीच्या पाठीमागे पडत असेल, तर गाडी पुढे जाऊन मागे सरते आणि शेवटचे डबे आत ढकलून इंजिन मोकळे निघते. सांधा समोर येत असेल, तर इंजिन आधी आत शिरून डब्यांमागे कोंडले जाईल. त्याला डबे सोडून, मोकळ्या रुळावरून वळसा घालून दुसऱ्या टोकाला यावे लागते. म्हणजे एका दिशेच्या गाडीला सोपे, दुसऱ्या दिशेच्या गाडीला अर्ध्या तासाचे काम. कुठल्या?

ते स्थानक आता पार बदलले आहे, जुने फोटोही कुणाकडे नाहीत. मी एका हातात डावा सांधा घेतला, दुसऱ्यात उजवा, आणि अप्पांपुढे धरले. त्या दिवशी सकाळपासून ते मला काकाच समजत होते. त्यांनी दोन्ही हातांकडे पाहिले, डावा घेतला, कागदावर ठेवला आणि त्याचे टोक बेळगावकडे फिरवले. “लोंढ्याकडनं आलेला मालच सरळ आत सारता येतोय. बेळगावच्या गाडीला वळसा. ड्रायव्हर शिव्या देतंय.” मग कुठला ड्रायव्हर कशा शिव्या देई, हेही सांगितले. त्यातल्या अर्ध्या कन्नड होत्या आणि छापण्याजोग्या एकही नाहीत. मी पेन्सिलीने खूण केली आणि खाली तारीख घातली.

आता गाडी धावते. चार पुठ्ठ्याचे डबे आणि हॉर्नबीचे एक इंजिन, जे आमच्या मापाला जरा लहान पडते; अप्पांची त्याबद्दल तक्रार नाही. गाडी फळीआड गेली की ते उठून उभे राहतात. पूर्वी टोकन म्हणून लोखंडी गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरकडे देत असत. त्यासाठी उजवा हात जसा बाहेर काढायचा, तसा काढतात. मी गाडी मागे थोडी जास्त थांबवतो.

सायडिंगच्या टोकाचा तुकडा मात्र अजून खिळ्यांनी ठोकलेला नाही. तिथे आणखी एक डबा उभा राहत असे, असे अप्पांचे म्हणणे आहे, आणि रोज सकाळी ते १६८ चा तुकडा काढून बाजूला ठेवतात. ३३५ चा एकही शिल्लक नाही. चिरंजिवांना पत्ता लागला आहे, दिवाळीला आणतो म्हणाले. फळी मात्र तिथे दोन बोटे कमी पडेल, ती सुताराकडून वाढवून घ्यावी लागेल.