दोन कारखान्यांमधली रेघ

'बिंदुपथ' हा शब्द शाळेच्या भूमितीत भेटतो आणि परीक्षा झाली की बहुतेकांचा निरोप घेतो. माझ्या डोक्यात तो टिकला, त्याला कारण आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला ऊस!

व्याख्या साधी आहे. एकच अट पाळणारे सगळे बिंदू गोळा केले की झाला बिंदुपथ. महाराष्ट्रात नवा साखर कारखाना जुन्यापासून २५ किलोमीटर हवाई अंतरावर हवा, असा नियम आहे. म्हणजे प्रत्येक धुराड्याभोवती सरकारने एक वर्तुळच काढून ठेवलंय.

आता शेतकऱ्याच्या बांधावरून बघा. नेवासे तालुक्यात सोनई आणि भेंडा, दोन्हीकडे कारखाने. अशा कुठल्याही दोन कारखान्यांमधल्या माणसाने ऊस कुणाला घालावा?

सोयीसाठी आकडे माझे घेऊ. कारखान्यांत अंतर ३० किलोमीटर, भाडे टनाला किलोमीटरमागे १० रुपये. भाव सारखा असेल, तर दोन्हीकडे सारखेच पैसे सुटणाऱ्या शेतांची रेघ म्हणजे लंबदुभाजक. पहिल्याने टनाला १०० रुपये जास्त दिले, की त्याच्यापासूनचे अंतर १० किलोमीटरने जास्त असले तरी चालते. अंतरांमधला फरक कायम, म्हणजे अपास्त! रेघ वाकते आणि दुसऱ्या कारखान्याला कवेत घेते. भाव सारखा पण पहिल्याचे भाडे निम्मे असेल, तर अंतरांचे गुणोत्तर कायम राहते आणि दुसरा कारखाना चक्क एका वर्तुळात कोंडला जातो. हे अपोलोनियसचे वर्तुळ. भाव आणि भाडे दोन्ही वेगळे असले तर देकार्तचा अंडाकार वक्र, चौथ्या घाताच्या समीकरणाचा.

दुखणं पुढे आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून कापतात, आणि तो सहसा सगळ्यांना सरासरीने. मग अंतर समीकरणातून गळूनच पडते. सगळे वक्र पुसले जातात. कारखान्याच्या गेटाशेजारचा शेतकरी पन्नास किलोमीटरवरच्या उसाचे भाडे भरत राहतो. त्यामुळेच लांबच्याला ऊस परवडतो, हेही खरं.

सहकार म्हटला की थोडं एकमेकांचं ओझं उचलायचंच, हे मला मान्य आहे. सरासरी लावायची तर जरूर लावा. पण प्रत्येकाच्या बिलावर त्याच्या शेताचं अंतर आणि खरं भाडं छापा की! आपण कुणासाठी किती भरतोय, हे ज्याचं त्याला कळलं पाहिजे.