आकड्याची अनुवृत्ती

पाठशाळेत पाणिनीची सूत्रे शिकविताना आमचे गुरुजी सांगत, की सूत्रात दिसतात तेवढीच पदे धरून अर्थ लावू नये. कित्येक पदे मागील सूत्रांतून अनुवृत्तीने येतात. ती कोठून आली हे न पाहणारा हमखास फसतो. हा उपदेश मी साठी उलटल्यावर विसरलो, तोही घरच्या जमाखर्चापुढे बसून.

आमचे बिऱ्हाड शिरूरला, घोडनदीकाठी. वडीलबंधू दौंडास असतात. मातुःश्री अंथरुणास खिळल्यापासून आमच्याकडे आहेत. त्यांच्या औषधांचे व शुश्रूषेस येणाऱ्या बाईंचे पैसे दादा परस्पर चुकते करतात. पुतण्या त्याची नोंद एक्सेलच्या फायलीत ठेवतो आणि आमच्या फायलीतील ‘दादांकडून’ हा रकाना तेथली बेरीज आपोआप उचलतो. ही व्यवस्था मुलांची; मी केवळ आकडा वाचणारा.

एप्रिलपासून तो आकडा हलेना. जुलैत माझा धीर सुटला आणि दूरध्वनीवर बोलू नये ते मी बोलून गेलो. दादा एवढेच म्हणाले, “अरे, हिशेब एकदा नीट पाहा.” त्या बाईंनी तीन महिन्यांत पैशांचा तगादा लावलेला नाही, हेही रागाच्या भरात माझ्या ध्यानात आले नाही.

सायंकाळी सूनबाईंनी फाईल उघडली. रकान्यावर टिचकी देताच वर सूत्र उमटले. “मामंजी, हा आकडा आपल्या फायलीतला नाहीच,” त्या म्हणाल्या. सूत्रात चौकटी कंसात दौंडच्या फायलीचे नाव होते, परंतु गतवर्षीच्या! पुतण्याने नवे वर्ष नव्या फायलीत मांडले होते. आमचा तक्ता इमानाने जुनीच वाचीत होता.

असली परकी सूत्रे शोधण्याची रीत त्यांनी मला शिकविली, ती वाचकांच्याही उपयोगी पडेल. कंट्रोल व एफ दाबून ‘डॉट एक्सएल’ ही रोमन अक्षरे, म्हणजे फायलीच्या नावाचे शेपूट, शोधावे. शोध संपूर्ण वर्कबुकात व ‘फॉर्म्युलाज’मध्ये घ्यावा. नुसता चौकटी कंस शोधू नये, कारण टेबलांच्या सूत्रांतही तो असतो. ‘डेटा’खाली ‘एडिट लिंक्स’, नव्या आवृत्त्यांत ‘वर्कबुक लिंक्स’, येथे परक्या फायलींची यादी मिळते. काही दुवे आलेखांत किंवा ‘नेम मॅनेजर’मधील नावांत दडलेले असतात, तेही पाहावेत. मूळ फाईल नाहीशी झाली, तरी तिचा शेवटचा आकडा आपल्या तक्त्यात खऱ्यासारखा दिसत राहू शकतो. ‘ब्रेक लिंक’ केल्यास सूत्र जाऊन नुसता आकडा उरतो आणि ती क्रिया मागे घेता येत नाही. म्हणून आधी एक प्रत राखावी.

रकाना दुरुस्त होताच दादांचे चारही महिन्यांचे पैसे तेथे उभे राहिले. यंत्राने चूक केली नव्हती. आकड्याचे मूळ न पाहता माणसाचे मन जोखणारा मी चुकलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.ने दौंड गाठले आणि दादांच्या पाया पडलो. हिशेबाचा विषय मी काढणार, तोच त्यांनी विचारले, “आईने काल नीट खाल्ले ना रे?”