एक हात खिशात

परवा भाचीच्या तालमीच्या खोलीत शिरलो आणि दारातच थबकलो. तापलेल्या व्हॉल्व्हवर जळणाऱ्या धुळीचा वास! या वासासरशी मला गाणं आठवत नाही, आमच्या गल्लीतले रेडिओवाले काका आठवतात. उघड्या चेसिसवर वाकलेले, उजव्या हातात मीटरची पिन आणि डावा हात पँटच्या खिशात.

"हात दुखतोय का?" मी एकदा विचारलं होतं.

"दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो, बाळा. आणि प्लग काढला म्हणून विश्वास ठेवायचा नाही. कपॅसिटर चारशे व्होल्ट पोटात धरून बसतो."

पुढे ऑर्केस्ट्रात गिटार हाती आली तेव्हा त्यांनीच आणखी एक शिकवलं: स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

या अँपचा तो भरदार, कडेला जरासा फाटणारा आवाज अँप ताणल्याशिवाय निघत नाही, आणि ताणला की कानांची खैर नाही. १९६०च्या दशकात लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पोरं मोठा, आणखी मोठा आवाज मागत येत. पीट टाउनशेंड यांनी त्यांच्याकडून शंभर वॉटचे अँप करून घेतले. आज ते कानांत कायम वाजणाऱ्या गुणगुणीबद्दल उघड बोलतात. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतो पाव तास. म्हणून मला ओव्हरड्राइव्हचं पेडल मनापासून आवडतं. ते तोच फाटलेपणा बैठकीच्या खोलीत देतं.

पण माझा खरा राग आहे तो मांडवातल्या वायरिंगवर. उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेल्या, अर्थिंगचा पत्ता नाही. वर आमचेच वादक घूं-घूं थांबावी म्हणून प्लगची जाडी पिन कापून टाकतात! ती घूं-घूं पुष्कळदा सगळी पेडलं एकाच ॲडॅप्टरवर लटकवल्यामुळे येते. प्रत्येकाला वेगळी आयसोलेटेड लाइन दिली की बहुतेक वेळा जाते. पिन कापली तर जातं ते संरक्षण. गिटारच्या तारा, केबलची जाळी, पेडलचा पत्रा, अँपचं चेसिस हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं आणि वाजवणाऱ्याची बोटं त्याच तारांवर असतात. समोरच्या माइकमध्ये करंट उतरला असेल, तर तारांवरचा हात आणि माइकला टेकलेले ओठ यांच्यामध्ये छातीच येते.

मे १९७२मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत हेच झालं. 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस्ली हार्वी याचा हात अर्थिंग नसलेल्या माइकला लागला आणि तो स्टेजवरच गेला. वय २७. काकांनी हे नाव कधी ऐकलं नसेल, पण त्यांचा खिशातला हात याच मरणाला ओळखून होता.

भाचीच्या अँपची पिन शाबूत होती, ते मी आधी पाहिलं. वाजवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: गिटारच्या बॅगेत इअरप्लगशेजारी एक टेस्टर ठेवा आणि गायला उभं राहण्याआधी तो माइकच्या जाळीला लावून बघा. दिवा लागला तर कार्यक्रम थांबवा, समोर कितीही मोठा पाहुणा बसलेला असो.