डोमकळी उघडताना

कीटकशास्त्राच्या मास्तरचे हात सतत चालू असतात. बोंड फोडायचं, पान उलटायचं, अळी तळहातावर घेऊन पोरांपुढे धरायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न आमची महाविद्यालयं मोबाइलवर आली आणि माझ्या हातांना कामच उरलं नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे तासभराचं व्याख्यान पोचायचं नाही, म्हणून छोटी ध्वनिमुद्रणं व्हॉट्सॲपवर टाकू लागलो. रेंज आली की पोरं ती उतरवून घेत.

खरी शिकवणी खरिपात सुरू झाली. 'रावे'ची, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवाची अंतिम वर्षाची मुलं त्या साली आपापल्या गावीच राहिली. कृषिदूत, कृषिकन्या थेट बापाच्या वावरात! ऑगस्टमध्ये दर्यापूरकडून एकीचा फोन आला, "सर, पऱ्हाटीचं फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीवानी मिटलं हाये."

ही डोमकळी, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, असं सांगून मी मोकळा झालो असतो तर ती काय शिकली असती? मी विचारत गेलो. पेरा कधीचा? अशी फुलं किती झाडांवर? पाकळ्या हळूच सोडव बरं, कशानं चिकटल्यात? "धागे हायेत सर, बारीक." आणि आत? थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ती ओरडलीच, "भेटली सर! पांढुरकी हाये, डोकं तपकिरी."

"मारू काय आता?" हा तिच्या वडिलांचा प्रश्न. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, ते आम्ही कोणी विसरलेलो नाही. एका फुलावरून औषध सांगायचं नसतं. डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट करा, कामगंध सापळे लावा, सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच फवारणीचं बोलू. ती रोज सकाळी पतंग मोजून आकडा पाठवायची.

सूक्ष्मदर्शकाखालचं काम मात्र राहून गेलं. फुलकिड्यांच्या जाती फोनच्या फोटोवरून ओळखता येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा ते प्रयोगशाळेत करून घेण्याची आशाही गेली. त्या तुकडीतलं कोणी आजही फुलकिड्यांचा नमुना घेऊन आलं, तर मी प्रयोगशाळा उघडून देतो आणि भिंग त्यांनाच लावायला सांगतो.