‘जो–तो’च्या वाटेनं इंग्रजी

वारणानगरात मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेतो. मुलं कोडोली, बहिरेवाडी, सातवे, पारगाव अशा आसपासच्या गावांतून येतात. कुणी अभियांत्रिकीला आहे, कुणी वारणा महाविद्यालयात, कुणी गावच्या दूध संस्थेत कामाला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आहे. त्यामुळे या मुलांना शब्द येतात, काळ येतात. ‘हू वापरून वाक्यं जोडा’ या प्रश्नाला त्यांनी परीक्षेत गुणही मिळवलेले असतात. पण बोलायला उभं केलं की वाक्यं सुटी सुटी पडतात. ‘आय हॅव वन ब्रदर. ही इज इन पुणे. ही वर्क्स इन कंपनी.’

तोच मुलगा वर्ग सुटल्यावर मित्राला सांगत असतो, ‘पुण्यात कंपनीत असलेला माझा भाऊ आलाय, त्यानं आणलेली गाडी बघायला ये.’ भाऊ कोणता आणि गाडी कोणती, हे त्यानं एका दमात, कुठंही न अडखळता सांगितलेलं असतं. विचारात विचार गुंफण्याची ताकद या मुलांत आहेच. ती इंग्रजीत नेताना वाक्याची मांडणी कशी फिरते आणि सर्वनाम कुठं बसतं, तेवढं दाखवावं लागतं. माझ्या शिकवण्याचा सगळा भर आता त्यावरच आहे.

सुरुवात मी म्हणींपासून करतो. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’, ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’. मुलं भराभर म्हणी सांगतात आणि फळा भरतो. मग प्रत्येक म्हणीतल्या ‘ज’च्या आणि ‘त’च्या सर्वनामाखाली रेघ मारायला लावतो. मराठीत ही जोडी असते. एक सर्वनाम गौणवाक्यात, दुसरं प्रधानवाक्यात. इंग्रजीत अशी जोडी लागत नाही. नाम आधी येतं, त्याला लागून ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ येतं, ओळख सांगून संपते आणि वाक्य पुढं चालू लागतं.

दूध संस्थेत फॅट काढणारा एक तरुण वर्गाला येतो. तो एकदा म्हणाला, ‘विच मिल्क केम फ्रॉम सातवे, दॅट मिल्क हॅज लो फॅट.’ मी त्याचं मराठी वाक्य फळ्यावर लिहिलं: ‘जे दूध सातव्याहून आलं, त्या दुधाला फॅट कमी लागली.’ त्याचं इंग्रजी वाक्य या वाक्याच्या पावलावर पाऊल टाकून आलं होतं. त्याला म्हटलं, आधी फक्त दुधाचं नाव घे. ‘द मिल्क.’ आता कुठलं दूध ते सांग. ‘विच केम फ्रॉम सातवे.’ ओळख झाली, आता त्याचं काय झालं? ‘हॅज लो फॅट.’ तिन्ही तुकडे त्यानं सलग म्हटले आणि विचारलं, ‘सर, मग मध्ये इट लागत नाही?’ प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. ‘विच’ हेच त्या दुधाचं सर्वनाम आहे. ते कर्त्याच्या जागी बसलं, आता तिथं दुसऱ्याला जागा नाही. हे एकदा पटलं की ‘द मिल्क विच इट केम’ अशी वाक्यंही आपोआप थांबतात.

शब्दयोगी अव्ययांपाशी मुलं हमखास अडतात. ‘ज्यांच्याशी मी बोललो त्या बाई’ यातलं ‘शी’ आपण सर्वनामाला चिकटवतो. रोजच्या इंग्रजीत ते शेवटी राहतं: ‘द लेडी आय स्पोक टू.’ इथं ‘हूम’ही नाही आणि ‘हू’ही नाही. पुस्तकात ‘टू हूम’ शिकलेली मुलं हे वाक्य ऐकून बिचकतात, त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण माणसं बोलतात ती अशीच. ‘द बुक आय बॉट’, ‘द बस वी मिस्ड’. ओळख सांगणारं सर्वनाम कर्म असेल तर ते गाळता येतं, कर्ता असेल तर बहुधा ठेवावंच लागतं. एवढा एक नियम हाती आला की मुलं मोकळी होतात.

‘हू’ कुणाला आणि ‘विच’ कुणाला, यावर वर्गात एकदा चांगलंच रण माजलं. मराठीत ‘जो, जी, जे’ लिंगावर ठरतं. दगडही ‘जो’ आणि माणूसही ‘जो’. इंग्रजीची विभागणी माणूस आणि इतर अशी आहे. बेंदराच्या सुमारास मी बैलावर वाक्य करायला सांगितलं होतं. शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा आपल्या बैलाला ‘विच’ लावायला काही केल्या तयार होईना. ‘विच म्हणजे वस्तू झाली सर. त्याला नाव हाय, हाक मारली की येतो.’ मला त्याचं म्हणणं मनापासून आवडलं. आणि भाषेच्या अंगानंही तो चुकत नव्हता. घरच्या, नाव ठेवलेल्या जनावराला इंग्रज माणूसही ‘हू’ लावतो. त्यानं वही उघडून बैलाचं नाव लिहिलं आणि पुढं ठसठशीत ‘हू’ काढला.

आदरार्थी बहुवचनाचंही असंच आहे. ‘माझे वडील, जे कारखान्यात आहेत’ हे मनात ठेवून मुलं म्हणतात, ‘माय फादर, हू आर इन शुगर फॅक्टरी.’ वडिलांना एकवचनात आणायला जीभ रेटत नाही. त्यांना समजावतो की इंग्रजीत ‘इज’ म्हटल्यानं मान कमी होत नाही, तिथं तो आवाजातून आणि ‘मिस्टर’सारख्या शब्दांतून दिसतो.

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते दुसऱ्याचं बोलणं सांगणं. ‘सर म्हणाले की मी आज रिपोर्ट पाठवतो.’ मराठीत ‘की’नंतरही सरांचा ‘मी’ तसाच राहू शकतो आणि ऐकणाऱ्याचा काहीच घोळ होत नाही. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढं सगळी सर्वनामं सांगणाऱ्याच्या जागेवरून ठरतात. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला लागली. तिनं ग्राहकाला लिहिलं, ‘सर सेड दॅट आय विल सेंड द रिपोर्ट टुडे.’ ग्राहकानं दिवसभर तिच्याकडेच रिपोर्टचा तगादा लावला. सुट्टीत भेटली तेव्हा म्हणाली, ‘मी बरोबर लिहिलो होतो की सर!’ व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य शुद्धच होतं, फक्त रिपोर्ट पाठवणारा माणूस बदलला होता. तिथं ‘ही वुड’ हवं होतं.

तेव्हापासून वर्गात निरोपाचा सराव घेतो. पहिला दुसऱ्याला सांगतो: ‘उद्या आमच्या उसाला तोड आहे, मी येणार नाही.’ दुसऱ्यानं ते तिसऱ्याला इंग्रजीत सांगायचं. बोलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, यातला ‘मी’ कोण? मग ‘आय’चा ‘ही’ होतो आणि ‘अवर’चा ‘देअर’: ‘ही सेज ही वोन्ट कम टुमॉरो बिकॉज देअर केन इज बीइंग कट.’ सुरुवातीला मुलं अडखळतात, मग त्यांना गोडी लागते. लांबत लांबत निरोप वर्गाच्या टोकाला पोचतो तेव्हा प्रत्येक सर्वनाम तपासायला सगळे टपलेले असतात.

इथं इंग्रजीची अडचणही मी मुलांपुढं ठेवतो. ‘ही टोल्ड हिज ब्रदर दॅट ही हॅड पास्ड.’ पास कोण झालं, तो की भाऊ? वाक्यावरून कळत नाही. मराठीत ‘मी पास झालो’ किंवा ‘तू पास झालास’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. अशा वेळी इंग्रजीतही सरळ नाव घ्यावं, किंवा त्याचे शब्द जसेच्या तसे द्यावेत. आपल्या भाषेत एखादी गोष्ट जास्त स्वच्छ सांगता येते हे कळलं की मुलांची भीड चेपते.

मराठीत गाळलेलं सर्वनामही मुलांना दाखवावं लागतं. ‘घरी पोचल्यावर फोन करतो’ यात आपण ‘मी’ एकदाही म्हणत नाही. इंग्रजी तो दोनदा मागते: ‘व्हेन आय गेट होम, आय विल कॉल यू.’ ‘व्हेन’च्या वाक्यात ‘विल’ नको, हे जोडीनंच सांगून टाकतो.

या दोन भाषांच्या व्याकरणांचा संबंध जुनाच आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. केवल, संयुक्त, मिश्र वाक्यं, प्रधान आणि गौण वाक्यं हे सगळं आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. पण मराठीच्या तासाला शिकलेलं मिश्रवाक्य इंग्रजीच्या तासाला कुणी आठवणीत आणून देत नाही. दोन्ही तास एकाच मुलाच्या डोक्यात भरतात, तरी दोघांची ओळख होत नाही. ती ओळख करून देणं हे शिक्षकाचं काम आहे.

तात्यासाहेब कोरे यांनी वारणानगरच्या या माळावर साखर कारखाना उभा केला, त्याभोवती दूध, शाळा, महाविद्यालयं आली. १९९८ साली परिसरातली ७० गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्पही इथंच झाला. इथल्या मुलांना जगाशी बोलायचं आहे, आणि सांगण्यासारखं त्यांच्यापाशी भरपूर आहे. कारण, अट, ओळख, दुसऱ्याचं म्हणणं यांतलं काहीही सुट्या वाक्यांत नीट मावत नाही. त्यासाठी गौणवाक्यच लागतं. माझी इंग्रजीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. मुलाला आधी त्याचं लांबलचक मराठी वाक्य पूर्ण बोलू द्या, त्यातली सर्वनामं त्यालाच शोधू द्या, आणि मग त्याच्याबरोबर ते वाक्य इंग्रजीत बांधा. नियम त्यानंतर सांगितला तरी चालतो, कारण तोवर तो त्यानं स्वतः वापरलेला असतो.