वाऱ्याला दिलेली हाक

सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीहून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर. तरी शाळेत आम्ही खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. दोन गुणांना हमखास यायचे. आमचा खरा वारा मात्र खळ्यावरचा. ज्वारी उफणायला माणूस तिवईवर चढायचा, मूठभर भुसा सोडायचा आणि तो कुठे पडतो ते बघून उभे राहायची दिशा ठरवायचा. वारा पडला की सगळे खळे हात बांधून बसायचे.

परवा एका मित्राने गोव्याहून शिडाच्या बोटीवरच्या वारामापकाचा फोटो पाठवला. डोलकाठीच्या टोकाला बसवलेले, मुठीएवढे यंत्र. आयर्लंडच्या रॉबिन्सनने १८४६ साली केलेल्या वारामापकात वाट्या गरगर फिरायच्या, तसे इथे काहीच फिरत नाही. म्हणजे झिजायला, मिठाने गंजून अडकायला काही नाही. नुसती समोरासमोर छोटी तोंडे, आणि ती एकमेकांना हाका मारतात. आपल्याला ऐकू न येणाऱ्या हाका, सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांच्या.

तत्त्व बांधावरचेच आहे. वाऱ्याबरोबर दिलेली हाक लवकर पोचते, वाऱ्याविरुद्धची उशिरा. (लांबची हाक विरुद्ध बाजूला ऐकूच येत नाही, त्याचे कारण निराळे: वारा तिला वर वाकवतो आणि ती डोक्यावरून निघून जाते.) दोन तोंडांत १० सेंटिमीटर अंतर आणि सेकंदाला ५ मीटर वारा धरला, तर जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक सेकंदाच्या दहा लाख भागांतले जेमतेम ९ भाग. एवढ्यावरून यंत्र वेग सांगते. अशी दुसरी जोडी आडवी लावली की दिशाही. हवा तापली की आवाज जोरात धावतो, पण दोन्हीकडून मोजल्यामुळे ती भानगड हिशेबातून आपोआप गळते. सोलापूरच्या मे महिन्यालाही हे यंत्र फसायचे नाही.

फसायचे ते दुसरीकडे. धावत्या बोटीवरचे यंत्र सांगते तो वारा अर्धा बोटीचाच असतो. अक्कलकोट रोडने स्कूटरवरून येताना हे कळते: मागून वारा असला आणि आपण त्याच्याच वेगाने निघालो, की वारा नाहीसाच होतो. खलाशाला आपला वेग वजा करूनच खरा वारा मिळतो. हे जमिनीवरच्या माणसांना फार वेळा जमत नाही.

आणि यंत्राशिवाय? ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटा, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत जगाला वळसा घालून आला. बोट मुंबईत बांधलेली, सागवानाची. नाव ‘सुहैली’, आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला तसे म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिचे आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. उरलेले अर्धे जग त्याने शिडांचा तोल साधत काढले. मला त्या मुठीएवढ्या यंत्राचे कौतुक आहेच, पण जीव अडकतो तो ह्या मोडक्या यंत्रापाशी.

कुंभारीत वाऱ्याला कन्नड बोलणारे ‘गाळी’ म्हणतात, तेलुगू बोलणारे ‘गालि’. २००६ मध्ये इथे विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तेव्हापासून दुसरा उच्चारही कानावर पडतो. तिथल्या एका अक्कांना मी बोटीच्या यंत्राचे सांगत बसलो. त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. खळ्यावरच्या सुपाला वारा हवा असतो. ह्या सुपातला तंबाखू फुंकरीनेही उडतो. एप्रिलची दुपार होती, माझा सदरा पाठीला चिकटला होता, आणि डोक्यावरचा पंखा अक्कांनी बंद ठेवला होता.