पाणी

तिसऱ्या बाळंतपणानंतर महिनाभरात कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. तेव्हापासून गळतं. खोकलं की गळतं, हसलं की गळतं. मूतच ते. त्याला दुसरा शब्द कशाला शोधू?

जळगावहून धुळ्याला एसटीनं जायचं तर मी सकाळपासून पाणी सोडते. मे महिन्यातलं खान्देशचं ऊन, ओठ फाटतात, तरी घोट घेत नाही. जुन्या लुगड्याची घडी लावते. पारोळ्यापर्यंत तीही भिजते. शेजारीण पदर नाकाला लावते, "कसाना वास येस व माय?" आमच्या अंगाला वास येतो म्हणणारे आधीच कमी नव्हते. आता खरंच येतो.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की पिशवी जास्तच चिडते. बाळंतपणानं नि ओझ्यानं खालचे स्नायू सैल पडतात. मूत अडवताना आवळतो तसे ते आवळायचे, सोडायचे. रोज तीनदा, निदान तीन महिने. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ सालीच हे लिहिलंय. पाऊणशे वर्षं झाली, आमच्या वस्तीत कुणी सांगितलं नाही.

मुंबईत २०११ पासून बाया मुताऱ्यांसाठी भांडल्या. पुरुषाला फुकट, बाईला पैसे, हे का?

महाडला १९२७ साली आमच्या माणसांनी ओंजळभर पाण्यासाठी मार खाल्ला. ते पाणी मी लाजेपायी सोडू?

पिईन. स्टँडवर धड मुतारी मागेन, बाळंतिणीला ओझ्यातून सुट्टी मागेन. बायांनो, तुमचंही गळत असेल तर बोला.